लवचीक फिल्मवर चांदीच्या नॅनोवायर: पहिल्या थरापासून पहिल्या सेन्सरपर्यंत

माझी पहिली फिल्म दिसायला देखणी झाली होती. आरपार स्वच्छ, ओघळ नाही की डाग नाही. मल्टीमीटर लावला तर सर्किट उघडं असल्यासारखं दाखवी. दोन दिवस मी शाईच्या रसायनात खोट शोधत बसलो. मग लक्षात आलं की बाटली उघडण्याआधी हलवलीच नव्हती. चांदी सगळी तळाशी बसली होती आणि मी वरचं पाणी फिल्मवर पसरत होतो.

या कामातल्या बहुतेक चुका अशाच साध्या असतात. म्हणून हा लेख सिद्धांतापेक्षा हाताच्या कामावर जास्त बोलेल. तुमच्याकडे फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट), ओव्हन, साधा सूक्ष्मदर्शक आणि मल्टीमीटर आहे, आणि नॅनोवायरची, म्हणजे डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक तारा द्रवात मिसळलेली, तयार बाटली मिळाली आहे, असं मी धरून चालतो. नॅनोवायर स्वतः बनवायच्या असतील तर पॉलिऑल पद्धत प्रसिद्ध आहे. युनान शिया यांच्या गटाने २००२ च्या सुमारास ती चांगली रुळवली: इथिलीन ग्लायकॉल साधारण १६० अंश सेल्सिअसला तापवायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पीव्हीपी हे पॉलिमर सोडायचं. पीव्हीपी तारेच्या कडांना चिकटून त्यांची वाढ रोखतं, टोकं मात्र मोकळी राहतात, म्हणून स्फटिक लांबट होत जातो. पण पहिल्या महिन्यात या भानगडीत पडू नका. छपाई बिघडली की तारा बिघडल्या हेच कळेनासं होतं.

आधी थोडं गणित, कारण ते पुढे सतत लागतं

उदाहरणासाठी ३० नॅनोमीटर जाड आणि २० मायक्रोमीटर लांब तार घेऊ. ही तार १ सेंटिमीटर जाडीच्या सळईएवढी फुगवली तर ती साडेसहा मीटरहून लांब भरेल. अशा लाखो तारा फिल्मवर वेड्यावाकड्या पडतात, एकमेकींवर आडव्या येतात आणि त्यातून जाळं तयार होतं. वीज जाळ्यातून वाहते आणि उजेड मधल्या मोकळ्या जागांतून पार होतो. पारदर्शक असूनही वीज वाहणारा थर मिळतो तो असा. शिवाय तो वाकतोही. पडद्यांमध्ये वापरलं जाणारं इंडियम टिन ऑक्साइड दोन-तीन टक्के ताणलं की तडकतं. जाळ्यातल्या तारा त्या ताणात एकमेकींवरून थोड्या सरकतात आणि निभावून नेतात.

जाळं सलग व्हायला किती तारा लागतात? जमिनीवर काडेपेटीतल्या काड्या एकेक करून टाकत गेलात, तर बराच वेळ सुटे पुंजकेच दिसतात आणि मग थोड्याच जास्तीच्या काड्यांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रस्ता जुळतो. या उंबरठ्याचं गणित झालेलं आहे: एकक क्षेत्रफळातली काड्यांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग बरोबर साधारण ५.६४. आपल्या २० मायक्रोमीटरच्या तारांसाठी हे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४ हजार तारा होतात. चांदीच्या वजनात सांगायचं तर दर चौरस मीटरला जेमतेम २ मिलिग्रॅम.

त्या सूत्रात लांबीचा वर्ग आहे, त्याच्याकडे नीट पाहा. तार दुप्पट लांब असेल तर चौथाई तारांत काम भागतं. उलट, निष्काळजीपणाने तारा मोडून निम्म्या केल्यात तर चौपट तारा लागतील, म्हणजे चांदी दुप्पट. शाई कशी हाताळायची याचे पुढचे सगळे नियम या एका वर्गातून आले आहेत.

आणि तारा जुळल्या म्हणून काम झालं असंही नाही. प्रत्येक तारेभोवती पीव्हीपीचं पातळ आवरण असतं. दोन तारा एकमेकींवर टेकतात तेव्हा चांदीला चांदी लागतेच असं नाही, मध्ये हे प्लास्टिक असतं. तारेतून वीज सहज जाते, अडते ती सांध्यावर. माझं स्पष्ट मत असं की नवखे लोक शाईवर नको इतका वेळ घालवतात आणि सांध्यांवर फारच कमी.

पायरी १: फिल्म निवडा आणि ती ओली होते का ते बघा

सुरुवातीला १२५ मायक्रोमीटर जाडीची, उष्णतेने स्थिर केलेली पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) फिल्म घ्या. स्वस्त, पारदर्शक, हाताळायला सोपी. पेट साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं. स्थिर केलेली फिल्म १२० अंशांवर थोडा वेळ फारशी आकसत नाही, साधी मात्र वळते. जास्त तापवायचं असेल तर पॉलिइमाइड हे उष्णता सोसणारं प्लास्टिक आहे, पण ते पिवळट-तपकिरी असतं, म्हणजे पारदर्शकतेवर पाणी सोडावं लागतं. ताणायचं असेल तर पीडीएमएस (सिलिकोन रबर) किंवा टीपीयू (रबरासारखं पॉलियुरेथेन). त्यांच्याकडे नंतर वळू.

जाडी निवडताना एक छोटं सूत्र हाताशी असू द्या. फिल्म वाकवल्यावर बाहेरच्या पृष्ठभागावर पडणारा ताण म्हणजे जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रोमीटरची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर सव्वा टक्का ताण. ५० मायक्रोमीटरची घेतली तर अर्धा टक्का. 'आमची शाई जास्त लवचीक आहे' असे दावे ऐकाल तेव्हा आधी फिल्मची जाडी विचारा. निम्मी करामत बहुधा तिथेच असते.

आता सफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा, शुद्ध पाण्याने धुवा, स्वच्छ हवेने किंवा नायट्रोजनने वाळवा. मग यूव्ही-ओझोनमध्ये काही मिनिटं किंवा ऑक्सिजन प्लाझ्मात साधारण एक मिनिट ठेवा. कोरं पेट पाण्याला फारसं जवळ करत नाही. थेंब गोलसर उभा राहतो. प्रक्रियेनंतर तोच थेंब पसरट व्हायला हवा. ही थेंबाची चाचणी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात करा, ती चुकवू नका. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पेट फिल्मना एकाच बाजूला चिकटपणासाठी प्राइमर असतो आणि दोन्ही बाजू दिसायला अगदी सारख्या. थेंब दोन्हीकडे टाकून बघितला की फरक कळतो. कळल्यावर नको त्या बाजूला मार्करने खूण करा.

प्रक्रिया केलेली फिल्म शक्यतो तासाभरात वापरा. पीडीएमएसच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका, त्याचा पृष्ठभाग काही तासांत पुन्हा पाणी झटकायला लागतो.

पायरी २: शाई

मेयर रॉडने (शाई फिल्मवर पसरवणारा दांडा, पायरी ३ पाहा) ओढण्यासाठी मी ज्या प्रमाणापासून सुरुवात करायला सांगतो ते वजनाने असं: चांदीच्या नॅनोवायर ०.२ टक्के, शाई दाट करणारं एचपीएमसी हे सेल्युलोजचं पॉलिमर ०.४ टक्के, ट्रायटन एक्स-१०० हा पृष्ठताण कमी करणारा द्रव ०.०२५ टक्के, उरलेलं पाणी. तयार शाई विकत मिळते, पण एकदा तरी हाताने करा. कोणता घटक कशासाठी आहे ते त्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

५० मिलिलिटर शाईचा हिशेब: मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम चांदी असलेलं पाण्यातलं नॅनोवायर द्रावण २० मिलिलिटर, एक टक्का एचपीएमसीचं द्रावण २० मिलिलिटर, एक टक्का ट्रायटन सव्वा मिलिलिटर, आणि पावणेनऊ मिलिलिटर पाणी. तुमच्या नॅनोवायर अल्कोहोलमध्ये असतील तर वाळण्याचा वेग आणि शाईचा पसरण्याचा स्वभाव दोन्ही बदलतात. पहिल्या प्रयोगासाठी पाण्यातल्याच घ्या.

एचपीएमसी विरघळवताना जवळपास प्रत्येक जण एकदा तरी फसतो. ही पांढरी पूड थंड पाण्यात टाकली की बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, मग तासभर ढवळा नाहीतर दिवसभर. कारण उलटं आहे: एचपीएमसी गरम पाण्यात विरघळत नाही, थंड पाण्यात विरघळते. म्हणून एकूण पाण्याचा तिसरा हिस्सा ८०-९० अंशांपर्यंत तापवा, ढवळत ढवळत पूड भुरभुरवा. पूड न विरघळता नुसती विखुरते, पाणी दुधी दिसतं. मग उरलेलं थंड पाणी घाला आणि ढवळत राहा. थंड होता होता दुधी रंग जातो आणि द्रावण काचेसारखं निवळ, थोडं दाट होतं. रात्रभर ठेवलं तर बुडबुडेही निघून जातात.

नॅनोवायर सगळ्यांत शेवटी घाला. बाटली आडवी धरून तळहातांमध्ये हळू फिरवा, तळाचा राखाडी थर पूर्ण उठेपर्यंत. उजेडात धरून फिरवलीत तर चमकते रेशमी प्रवाह दिसतात. तारा लांब आणि सुट्या आहेत याची ती खूण. प्रवाहाऐवजी कण दिसले तर गुठळ्या झाल्या आहेत. चुंबकी स्टररने तासन्‌तास घुसळू नका, आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये तर मुळीच ठेवू नका. तारा मोडतात, आणि लांबीच्या वर्गाचं काय होतं ते वर पाहिलंच. साठवण फ्रिजमध्ये, अंधारात, पण गोठू न देता. एकदा गोठून वितळलेली बाटली पूर्ववत होत नाही.

पायरी ३: रॉडने ओढणं

मेयर रॉड म्हणजे स्टीलच्या दांड्यावर घट्ट गुंडाळलेली तार. दांडा फिल्मवर टेकवून ओढला की तारेच्या वेढ्यांमधल्या खाचांएवढीच शाई मागे राहते. खाचेच्या भूमितीतून ओल्या थराची जाडी निघते: गुंडाळलेल्या तारेच्या व्यासाच्या साधारण दहावा भाग, नेमकं सांगायचं तर ०.१०७ पट. पाव मिलिमीटर तारेचा रॉड सुमारे २७ मायक्रोमीटर ओला थर सोडतो. आपल्या शाईत मिलिलिटरला २ मिलिग्रॅम चांदी आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ५४ मिलिग्रॅम. उंबरठ्याच्या पंचवीस पटींहून अधिक. एवढी मोकळीक हवीच, कारण उंबरठ्याच्या अगदी जवळ राहिलात तर थोड्याशा असमानतेनेही फिल्मचा एखादा पट्टा मुका पडतो. ए-फोर आकाराच्या अख्ख्या फिल्मवर एवढं करूनही चांदी साडेतीन मिलिग्रॅमपेक्षा कमीच जाते.

कृती. सपाट काचेवर अल्कोहोलचे दोन-चार थेंब टाकून त्यावर फिल्म ठेवा आणि रबरी पट्टीने मधली हवा काढा. फिल्म काचेला चिकटून बसते. वरची कड टेपने पक्की करा. कडेशी पिपेटने शाईची सलग रेघ ओढा. ए-फोरसाठी अडीच-तीन मिलिलिटर पुरेत, उरलेली खाली कागदावर येऊ द्या. रॉड दोन्ही टोकांना धरा आणि फिरू न देता एका दमात आपल्याकडे ओढा, सेकंदाला साधारण पाच सेंटिमीटर. दाबू नका, रॉडचं वजन पुरेसं आहे. मध्ये थांबायचं नाही आणि परत मागे जायचं नाही. हात थबकला तिथे आडवा पट्टा कायमचा उमटतो.

रॉड लगेच धुवा. लगेच म्हणजे फिल्म ओव्हनमध्ये ठेवण्याआधी. खाचेत वाळलेली चांदी पुढच्या प्रत्येक फिल्मवर रेघ पाडते.

थर ५०-६० अंशांवर, हलक्या वाहत्या हवेत, काही मिनिटांत वाळू द्या. फार सावकाश वाळला तर शाईला आकसून बेटं करायला वेळ मिळतो, आणि थेंबाच्या कडेला तारा गोळा होऊन कडी उमटतात. वाळलेली फिल्म काळ्या कागदावर तिरप्या उजेडात बघा. सरळ रेघा दिसल्या तर रॉड अस्वच्छ. गोल मोकळे ठिपके दिसले तर फिल्म नीट धुतली गेली नाही किंवा धूळ. सगळीकडे कासवाच्या पाठीसारखी नक्षी असेल तर पृष्ठभाग ओलाच होत नव्हता, पायरी १ वर परत जा. ओढण्याच्या दिशेने तारा थोड्या लोळतात, त्यामुळे उभा आणि आडवा रोध सारखा येत नाही. फरक खुपत असेल तर शाई निम्मी पातळ करून दोन थर द्या, दुसरा काटकोनात.

पायरी ४: सांधे जुळवा

आत्ता मोजलंत तर रोध निराश करण्याइतका जास्त येईल. हरकत नाही.

सर्वांत सोपा उपाय उष्णता. पेट असेल तर ११० ते १२० अंशांवर १० ते २० मिनिटं. उरलेलं पाणी जातं, पीव्हीपी मऊ होऊन बाजूला सरतं आणि चांदी चांदीला भिडते. चांदीचा वितळणांक ९६२ अंश आहे म्हणून पॉलिइमाइडवर बेधडक ३०० अंश लावू नका. इतक्या बारीक तारेला गोळ्यांत तुटणं हेच ऊर्जेच्या हिशेबाने सोयीचं असतं, नळाची पातळ धार जशी थेंबांत तुटते तसं, आणि हे २०० अंशांच्या वर कधीही सुरू होऊ शकतं. सूक्ष्मदर्शकाखाली तारांच्या जागी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की समजा, भाजून गेलं.

दुसरा उपाय दाब: दोन गुळगुळीत रुळांमधून फिल्म सरकवणं. तापमान न सोसणाऱ्या फिल्मसाठी हा चांगला, आणि पृष्ठभागही सपाट होतो. तिसरा उजेड. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की साध्या टंगस्टन-हॅलोजन दिव्याच्या प्रकाशाने दोन तारांमधल्या फटीतच उष्णता एकवटते, सांधा जुळतो आणि जुळल्यावर फटच उरत नाही म्हणून तापणं आपोआप थांबतं. चौथा उपाय ऐकून लोक हसतात: वाफ. फिल्मवर दमट हवा सोडायची आणि वाळू द्यायची. सांध्यात अडकलेलं पाणी वाळताना केशाकर्षणाने दोन तारांना एकमेकींकडे खेचतं. घट्टपणासाठी एचपीएमसी घातलेल्या शाईवर याचा उपयोग कमी. अल्कोहोलमधल्या निखळ तारांवर मात्र बरा फरक पडतो.

पायरी ५: मोजा, पण टोचू नका

मल्टीमीटरची अणकुचीदार टोकं थेट फिल्मवर दाबली तर जाळं खरवडलं जातं आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. त्याऐवजी फिल्ममधून १० मिलिमीटर रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर सिल्व्हर पेस्टची रेघ अशी ओढा की मधलं अंतर नेमकं ५० मिलिमीटर राहील. पेस्ट वाळली की तिच्यावर टोकं टेकवा. पट्टीत आता १० मिलिमीटरचे पाच चौकोन एकापुढे एक आहेत. आलेल्या रोधाला पाचाने भागलं की शीट रेझिस्टन्स, ओहम प्रति चौकोन. १५० ओहम आले तर ३०. चौकोन लहान असो की मोठा, आकडा तोच येतो, कारण लांबी वाढते तेवढीच रुंदीही वाढते. हे पहिल्यांदा पटत नाही. वेगवेगळ्या रुंदीच्या दोन पट्ट्या कापून बघा.

चार टोकांचा प्रोब असेल तर उत्तम, त्यात संपर्काचा रोध वगळला जातो. नमुना टोकांमधल्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असेल तर व्होल्टेज भागिले करंट, गुणिले ४.५३२ म्हणजे शीट रेझिस्टन्स.

पारदर्शकता ५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजण्याची पद्धत आहे, कोऱ्या फिल्मशी तुलना करून. सोबत धूसरपणाही नोंदवा. जाड तारा उजेड विखुरतात, मग पारदर्शकतेचा आकडा चांगला येऊनही फिल्म दुधाळ दिसते. पडद्यासाठी हे चालत नाही. त्वचेवर लावायच्या सेन्सरसाठी कोण विचारतो!

नक्षी छापायची तर

रॉड अख्खी फिल्म भरतो. सर्किटला रेषा लागतात.

रेषा अर्ध्या मिलिमीटरहून रुंद असतील तर स्क्रीन प्रिंटिंगकडे जा, मी तरी तेच सुचवेन. शाई खूप दाट लागते, हजारो मिलिपास्कल-सेकंद, म्हणजे घट्टपणासाठीचं पॉलिमर आणि चांदी दोन्ही कितीतरी जास्त. स्क्रीनच्या जाळीचं भोक तारेच्या लांबीपेक्षा बरंच मोठं हवं. स्क्वीजीचा (शाई जाळीतून ढकलणाऱ्या रबरी पट्टीचा) दाब असताना शाई पातळ व्हावी आणि दाब सुटताच परत घट्ट व्हावी, नाहीतर रेषा पसरतात.

इंकजेटचा मोह सगळ्यांना होतो. थांबा जरा. १० पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास २७ मायक्रोमीटर असतो आणि आपली तार २० मायक्रोमीटर. थेंबाएवढाच ओंडका नळीतून न्यायचा, म्हणजे नोझल तुंबणार हे ठरलेलंच. लोक तारा मुद्दाम आखूड करतात आणि मग वर्गाच्या नियमाने जास्त थर द्यावे लागतात. बारीक रेषांसाठी विद्युतक्षेत्राने शाई खेचणारी छपाई जास्त सरस वाटते. त्यात नोझल रुंद ठेवता येतो, व्होल्टेजमुळे शाईचा शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून नोझलपेक्षा कितीतरी बारीक धार सुटते. धारेत तारा आपसूक सरळ रेषेत येतात. पण तिथे व्होल्टेज, अंतर, प्रवाहाचा वेग आणि शाईची वाहकता हे सगळं एकाच वेळी जुळवावं लागतं, पहिल्या महिन्याचं काम नव्हे.

एक वेगळीच पद्धत शाईशिवायची आहे. सिलिकॉन किंवा जर्मेनियमच्या अर्धवाहक तारा एका पृष्ठभागावर गवतासारख्या उगवायच्या, तो पृष्ठभाग पालथा करून दुसऱ्यावर दाबत सरकवायचा. तारा मोडतात आणि सरकण्याच्या दिशेने शिस्तीत लोळतात. बर्कलीतल्या अली जावे यांच्या गटाने याच मार्गाने २०१० मध्ये ७ गुणिले ७ सेंटिमीटरची कृत्रिम त्वचा केली, १९ गुणिले १८ दाब-संवेदी बिंदूंची. ट्रान्झिस्टर हवे असतील तर वाट ही. नुसती वाहक रेषा हवी असेल तर चांदीच बरी.

पायरी ६: पहिला सेन्सर

ताण मोजणारी पट्टी हा सुरुवातीला सर्वांत समाधान देणारा प्रकल्प. इथे छपाई काचेवर करायची आणि नंतर रबरात उचलायची.

काचेवर टेपने ५ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब खिडकी करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या नॅनोवायर, एचपीएमसी न घालता, खिडकीत थेंबाथेंबाने सोडा आणि ५०-६० अंशांवर वाळवा. असे तीन-चार थर. टेप तिरप्या कोनात, हळू ओढून काढा. झटक्यात काढलात तर कडेची चांदी टेपबरोबर येते. काचेवर राखाडी पट्टी दिसली पाहिजे. मग पीडीएमएसचा मूळ द्रव आणि क्युअरिंग एजंट (तो घट्ट करणारा द्रव) १० ला १ या वजनी प्रमाणात मिसळा, निर्वातात बुडबुडे काढा आणि पट्टीवर ओता, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा थर येईल इतका. अर्धा तास तसंच राहू द्या. द्रव तारांच्या जाळ्यात मुरायला हवा. घट्टपणासाठीचं पॉलिमर इथे टाळलं ते यासाठी, नाहीतर फटी आधीच बुजलेल्या असतात. ७० अंशांवर दोन तास, मग थंड होऊ द्या, ब्लेडने कड सोडवून सोला. काच स्वच्छ आणि पट्टी रबरात, असं झालं तर जमलं.

टोकांना बारीक तार सिल्व्हर पेस्टने जोडा आणि जोडावर पीडीएमएसचा थेंब टाकून घट्ट करा. निकामी झालेल्या माझ्या पट्ट्यांपैकी बहुतेक इथेच, जोडापाशी सुटल्या. मधलं जाळं शाबूत होतं.

आता पट्टी २० टक्क्यांपर्यंत ताणा, सोडा, असं दहा वेळा. पहिल्या काही वेळा रोध वाढतच जाईल आणि सोडल्यावर मूळ आकड्यावर येणार नाही. घाबरू नका, तारा आपापली जागा शोधत आहेत. स्थिर झाला की मग नोंदी सुरू करा. रोधातला सापेक्ष बदल भागिले ताण म्हणजे गेज फॅक्टर. ताण मोजणाऱ्या धातूच्या साध्या पत्र्याच्या गेजचा तो २ च्या आसपास असतो. नॅनोवायरचा किती येईल ते थराच्या दाटीवर ठरतं. विरळ थर जास्त संवेदनशील, पण लहरी. ताणताना आणि सोडताना एकाच ताणाला दोन वेगळे आकडे येतात हा या पट्ट्यांचा मोठा दोष. तो सोसत नसेल तर दोन पट्ट्यांमध्ये रबराचा पातळ थर ठेवून कपॅसिटर करा. त्याचा गेज फॅक्टर आदर्श स्थितीतही १ च्या वर जात नाही, पण आकडा इमानदार असतो. बोटाच्या सांध्यावर बसवायला मी दुसराच निवडतो.

टिकाऊपणा

पेटवरच्या फिल्मसाठी ठराविक त्रिज्येच्या दांड्याभोवती वाकवून, वाकलेल्या अवस्थेतच रोध मोजा. सरळ केल्यावरचा आकडा वेगळा लिहा. तारा फिल्मच्या बाहेरच्या बाजूला असताना आणि आतल्या बाजूला असताना, दोन्हीकडे वाकवून बघा. वरून तितक्याच जाडीची दुसरी फिल्म चिकटवली तर तारा बरोबर मध्यावर येतात, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही, आणि तीच फिल्म कितीतरी जास्त वाक सोसते.

चांदीचा खरा वैरी हवेतलं गंधक. मी एकदा नमुन्यांचे डबे रबर बँडने बांधून ठेवले होते. काही आठवड्यांनी बँडजवळच्या पट्ट्या तपकिरी पडून रोध कैक पटींनी वाढलेला. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात हे शाळेत वाचलेलं तेव्हा आठवलं. नमुने हवाबंद ठेवा, आणि फिल्मवर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा अतिपातळ थर द्या. संपर्काच्या जागा मात्र आधी टेपने झाकायला विसरू नका. दमट हवेत शेजारच्या दोन रेषांमध्ये सतत डीसी व्होल्टेज ठेवलं तर चांदी एकीकडून दुसरीकडे फांद्यांसारखी वाढून शॉर्ट करू शकते, म्हणून रेषांत अंतर ठेवा. आणि करंट हळूहळू वाढवा. जाळ्यातल्या एखाद्या अरुंद जागी उष्णता साठली की ती तार जळते, भार शेजारच्या तारेवर येतो, मग तीही जळते.

हातमोजे, हवा आणि कचरा

ओल्या शाईत धोका कमी, उडणाऱ्या कणांत जास्त. लांब, बारीक, न विरघळणारा धागा फुप्फुसात जाऊ नये इतकं कारण पुरे. त्यामुळे स्प्रे फक्त फ्यूम हूडमध्ये, आणि वाळलेली चांदी कोरडी खरवडायची नाही, ओल्या कापडाने पुसायची. नायट्राइलचे हातमोजे घाला.

रॉड धुतलेलं पाणी, पुसलेलं कापड, फसलेल्या फिल्म, यातलं काहीही सिंकमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. चांदी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना आणि माशांना मारक आहे. कामाला बसण्याआधीच दोन डबे टेबलावर मांडा, एक द्रवासाठी आणि एक घन कचऱ्यासाठी, दोन्हींवर 'चांदी' असं लिहून. द्रवाचा डबा पाऊण भरला की प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या आणि वहीत तारीख टाका.